हार्वर्डचे हॉटन ग्रंथालय : अमेरिकन मराठी मिशनच्या कागदांसाठी केलेली भेट आणि तिची पूर्वतयारी

एकोणिसाव्या शतकातील नगर जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्याला आज ना उद्या हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयापर्यंत जावेच लागते, कारण अमेरिकन मराठी मिशनचा मूळ पत्रव्यवहार तिथे जपून ठेवलेला आहे. या कागदांसाठी मी तिथे दोन आठवडे, म्हणजे सुट्या वगळता दहा दिवस बसलो. ग्रंथालयाविषयीचे माझे मत आरंभीच सांगतो. वाचकाशी इतक्या आदराने वागणारे आणि तरीही कागदाच्या बाबतीत तसूभरही सैल न पडणारे दुसरे ग्रंथालय मी पाहिलेले नाही. मात्र या चांगुलपणाचा आपल्याला किती उपयोग होईल, हे आपण घरून काय तयारी करून आलो आहोत यावर अवलंबून असते. म्हणून या परीक्षणातील बरीच जागा मी तयारीलाच दिली आहे.

संग्रह कोणता, हे आधी सांगायला हवे. ‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स’ ही ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्था १८१० मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हती, पण त्यांनी सुरू केलेले काम टिकले आणि तेच पुढे अमेरिकन मराठी मिशन झाले. मिशनऱ्यांनी मराठी शिकून घेतले, छापखाना उभा केला, शाळा काढल्या, आणि १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने दगावले. १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनचे ठाणे पडले आणि पुढे मिशनच्या कामाचा गाभा तिथेच राहिला. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक नगरहूनच १८४२ मध्ये निघाले. मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासोबत पाहून आपल्याला पुण्यात मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ती मिळाली, असे जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्या फरारबाई ज्या संस्थेला पत्रे लिहीत होत्या, त्या संस्थेचे दप्तर हॉटनमध्ये आहे. एवढे एक कारणही मला तिकीट काढायला पुरेसे होते.

हे दप्तर प्रचंड आहे आणि त्याची रचना समजून न घेता तिथे जाणे म्हणजे दिवस वाया घालवणे होय. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहिलेल्या माणसाला रुमालाचा क्रमांक हाती नसताना काय होते ते ठाऊक असते. इथेही तसेच आहे, फक्त रुमालाच्या जागी बांधीव खंड आणि खोकी आहेत. संपूर्ण संग्रहाला ‘एबीसी’ या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक दिले आहेत. मराठी मिशनकडून संस्थेच्या बॉस्टनच्या कार्यालयाला आलेली पत्रे, अहवाल आणि सभांची टिपणे ‘एबीसी १६.१.१’ या क्रमांकाखाली येतात. ‘महारट्टा मिशन’ या नावाने ओळखला जाणारा हा भाग बहुतेक अभ्यासकांना माहीत असतो आणि बहुतेक जण तेवढाच मागवतात. मीही पहिल्या यादीत तेवढाच लिहिला होता, आणि ती माझी मोठी चूक होती.

पत्रव्यवहार म्हटले की त्याला दोन बाजू असतात. बॉस्टनहून निघालेल्या पत्रांच्या नकला संस्थेने वेगळ्या ठेवल्या आणि त्या ‘एबीसी २.१’ या क्रमांकाखाली सापडतात. नगरहून आलेली पत्रे तेवढी वाचली, तर एखादी शाळा एकाएकी का बंद झाली किंवा एखाद्या माणसाचा सूर वर्षभरात का बदलला, याचा उलगडा होत नाही; तिकडून आलेले उत्तर शेजारी ठेवले की होतो. याचे ठळक उदाहरण १८५४-५५ मधील आहे. संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन त्या वर्षी स्वतः हिंदुस्थानात आले. मिशनने इंग्रजी शाळांवरचा भर सोडून देशी भाषेत शिकवावे आणि देशी पाळकांच्या (धर्मोपदेशकांच्या) हाती मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, सोपवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती त्यांच्याच भेटीच्या काळात, १८५४ मध्ये. या निर्णयांमागची वादावादी समजून घ्यायची असेल तर येणारी आणि जाणारी अशी दोन्ही पत्रे तारखेच्या क्रमाने लावून वाचावी लागतात. तिसरा उपयोगी भाग ‘एबीसी ६’ हा होय. मिशनरी होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांचे अर्ज आणि त्यांच्याविषयीची शिफारसपत्रे त्यात आहेत. नगरला येण्यापूर्वी ही माणसे कोण होती, त्यांच्या घरची परिस्थिती काय होती, हे त्यांतून कळते. आणि ते कळल्यावर त्यांच्या नगरच्या पत्रांतील कडवेपणा किंवा हळवेपणा अधिक स्पष्ट दिसू लागतो.

सूची वाचताना गावांची आणि माणसांची नावे कोणत्या स्पेलिंगने लिहिली आहेत याची स्वतःची वही तयार करावी, असे मी आग्रहाने सांगेन. अहमदनगर हे ‘अहमदनग्गर’ अशा उच्चाराचे स्पेलिंग घेऊन येते, शिरूर ‘सीरूर’ होते, मराठी हे ‘महारट्टा’ होते, आणि हरिपंतांचे, म्हणजे हरी रामचंद्र खिस्ती यांचे, नाव ‘हरिपंट’ असे वाचावे लागते. इंग्रजीत शोधणाऱ्या परक्या अभ्यासकाला इथे अडायला होते. मराठी माणसाला कान असतो. मोठ्याने वाचले की गाव ओळखू येते. माझ्या अनुभवात या एका गोष्टीमुळे आपण इतरांच्या चार पावले पुढे असतो. मी वहीत नेवासे, राहुरी, शेवगाव या तालुक्यांतील गावांची यादी आजच्या नकाशावरून करून नेली होती आणि तिचा उपयोग रोज झाला.

आता प्रत्यक्ष मागणीविषयी. हार्वर्डची ग्रंथसूची ‘हॉलिस’ या नावाने ओळखली जाते आणि तिची पुरालेखांसाठीची वेगळी शाखा आहे. तिथे संग्रहाची तपशीलवार सूची कोणालाही घरबसल्या पाहता येते. वाचकाने विशेष संग्रहांसाठीचे खाते आधी ऑनलाइन उघडायचे, सूचीतून हवे ते खंड निवडायचे आणि भेटीच्या तारखेसाठी मागणी नोंदवायची, अशी पद्धत आहे. हार्वर्डशी कोणताही संबंध असण्याची अट नाही, वाचनकक्षाला शुल्क नाही, आणि कोणाच्या शिफारसपत्राचीही गरज पडली नाही. आपल्याकडील काही संस्थांत ओळखीच्या प्राध्यापकाचे पत्र नेल्याशिवाय हस्तलिखित डोळ्यांनाही दिसत नाही. त्या पार्श्वभूमीवर, पासपोर्ट दाखवणारा कोणीही प्रौढ वाचक तिथे संशोधक म्हणून स्वीकारला जातो, ही गोष्ट मला मनापासून भावली.

दोन बाबी मात्र आधी पत्र पाठवून नक्की करून घ्याव्यात. पहिली म्हणजे, हॉटनचे काही साहित्य विद्यापीठाच्या दूरच्या साठागृहात ठेवलेले असते. सूचीत तशी नोंद असते आणि ते आणवायला आगाऊ दिवस लागतात. दुसरी म्हणजे, या संस्थेच्या कागदांचा मोठा भाग मायक्रोफिल्मवर घेतलेला आहे, आणि फिल्म उपलब्ध असताना नाजूक मूळ प्रत हाताळू देण्याबाबत कोणतेही चांगले ग्रंथालय विचार करते. आपल्याला मूळ कागद का हवा, याचे कारण दोन ओळींत लिहून ठेवावे. काठावरच्या टिपा, शाईचे बदल, जोडलेले कागद, दोन हस्ताक्षरांतील फरक ही खरी कारणे आहेत. निव्वळ मजकूर हवा असेल तर फिल्म पुरते, आणि अशा फिल्म अमेरिकेतील इतर काही विद्यापीठांतही आहेत. मी माझी यादी पाठवून नेमके प्रश्न विचारले. उत्तरात कोणता खंड कुठे आहे आणि कशासाठी फिल्म पाहावी, हे एकेका क्रमांकासमोर लिहून आले. तीन महिने आधी पाठवलेल्या त्या एका पत्राने माझे दोन दिवस वाचवले.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी युरोपातील एका विद्यापीठाच्या विशेष संग्रहात असेच काम करायला गेलो होतो. संकेतस्थळावर वाचनकक्ष उघडा असल्याचे दिसत होते, म्हणून मी वेगळे विचारले नाही, आणि तिथे पोचल्यावर कळले की मला हवी असलेली खोकी दुरुस्तीसाठी बाहेर गेली आहेत आणि महिनाभर येणार नाहीत. नियमाप्रमाणे त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही, कारण मी मागणीच नोंदवली नव्हती. चार दिवस मी छापील पुस्तके चाळत काढले. परदेशी संशोधनाचा खर्च स्वतःच्या खिशातून करणाऱ्या माणसाला असे चार दिवस फार महाग पडतात.

जे छापील आहे ते घरी वाचून जावे. मिशनरींची अनेक पत्रे संस्थेच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात छापली जात आणि त्या मासिकाचे जुने अंक आज इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. ही छापील पत्रे देणगीदार वाचकांसाठी निवडून आणि कापून दिलेली आहेत, हे ध्यानात ठेवावे. मी छापील उताऱ्यांची तारीखवार नोंद करून नेली आणि हॉटनमध्ये मूळ पत्र समोर आल्यावर फक्त गाळलेला भाग उतरवून घेतला. गाळलेल्या मजकुरातच बहुधा आपल्या कामाचे असते: पैशाची ओढाताण, सहकाऱ्यांशी मतभेद, शाळेतून काढून घेतलेल्या मुली, बहिष्काराच्या धाकाने परत गेलेली कुटुंबे. सुखरूप प्रगतीची वार्ता छापली गेली आणि अडचण बॉस्टनच्या कपाटात राहिली. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना जो इतिहास दिसतो, तो केवळ मासिक वाचून कधीच दिसला नसता.

प्रवासाविषयी थोडक्यात. बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून सिल्व्हर लाइनच्या बसने साउथ स्टेशन आणि तिथून रेड लाइनच्या गाडीने हार्वर्ड स्क्वेअर, असा सोपा मार्ग आहे. स्थानकातून हार्वर्ड यार्डात, म्हणजे ग्रंथालय असलेल्या विद्यापीठाच्या जुन्या आवारात, पायी जाता येते. हार्वर्ड ज्या शहरात आहे त्या बॉस्टनलगतच्या केंब्रिजमध्ये राहणे फार महाग पडते, म्हणून मी रेड लाइनवरच पण पुढच्या उपनगरात खोली घेतली. मेच्या अखेरीस पदवीदान समारंभ असतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि यार्डात गर्दी उसळते. नाताळ ते नववर्ष या काळात विद्यापीठ बंद असते. हे दोन्ही काळ टाळावेत. वाचनकक्ष शनिवार-रविवारी बंद असतो, तेव्हा दिवस मोजताना कामकाजाचेच मोजावेत. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला किती महिने लागतात याचा नेम नसतो. आधी व्हिसा, मग ग्रंथालयाची तारीख आणि शेवटी विमानाचे तिकीट हाच क्रम ठेवावा.

हॉटनची इमारत विटांची, जुन्या वळणाची आणि दिसायला साधी आहे. ती १९४२ मध्ये उघडली. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखिते यांच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधण्यात अमेरिकन विद्यापीठांत हे ग्रंथालय अग्रणी मानले जाते. शेजारी वाइडनर ग्रंथालयाचा अवाढव्य जिना आहे. टायटॅनिक बुडाली तेव्हा गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ आईने ते बांधले, आणि मिशनच्या छापखान्यातून निघालेली जुनी मराठी पुस्तके शोधायची असतील तर त्याच्याही सूचीत डोकवावे. हॉटनचे नूतनीकरण होऊन ते २०२१ मध्ये पुन्हा उघडले आणि आता पायऱ्या न चढता आत जाता येते. माझ्यासोबत एक दिवस माझी वयस्कर मावशी आली होती. तिला प्रदर्शनाच्या दालनापर्यंत जायला काहीच त्रास झाला नाही.

वाचनकक्षात जाताना कोट, पिशवी, पाण्याची बाटली आणि पेन बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावे लागते. आत लॅपटॉप, फोन, सुटे कागद आणि पेन्सिल चालते. पेन्सिल तेच देतात. पुठ्ठ्याची बांधणी असलेला खंड फोमच्या उशांवर ठेवून उघडायचा, पाने मिटू नयेत म्हणून कापडी वेटोळ्यांचे वजन ठेवायचे, आणि खोके असेल तर त्यातला एका वेळी एकच लखोटा बाहेर काढायचा. कागदाचा क्रम बदलू द्यायचा नाही. पांढरे हातमोजे घालावे लागतील अशी माझी कल्पना होती. कागदासाठी हातमोजे नको, हात धुऊन कोरडे करून या, असे मला सांगण्यात आले, कारण मोज्यांमुळे बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. छायाचित्रे हाताळताना मात्र मोजे लागतात. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावरील कर्मचाऱ्याने खंड कसा उघडायचा हे स्वतः करून दाखवले, आणि त्यात उपदेशाचा लवलेश नव्हता. तिसऱ्या दिवशी एक पान दुमडलेले सापडले तेव्हा मी ते सरळ न करता हात वर केला, आणि त्यांनी केलेले कौतुक मला शाळेतल्या शाबासकीसारखे वाटले.

अक्षर हा खरा अडथळा आहे. समुद्रमार्गे महिनोन्‌महिने जाणाऱ्या पत्रांसाठी पातळ कागद वापरत आणि जागा वाचवण्यासाठी दाट लिहीत. शाई पलीकडच्या बाजूला उमटते आणि दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींत मिसळतात. पहिल्या दिवशी माझी जेमतेम वीस पाने वाचून झाली. एकाच माणसाचे अक्षर ओळखीचे झाले की वेग वाढतो, म्हणून वर्षांच्या क्रमाने सगळ्यांची पत्रे वाचण्यापेक्षा आरंभीचे दोन दिवस एकाच मिशनऱ्याला द्यावेत. मी सिंथिया फरार यांच्यापासून सुरुवात केली आणि तो निर्णय योग्य ठरला.

स्वतःच्या फोनने, फ्लॅश न वापरता, अभ्यासासाठी छायाचित्रे घेता येतात. सगळे टिपून घेऊन घरी वाचू, असा मोह इथे होतो. तो मोह पूर्णपणे आवरावा असे मी म्हणणार नाही, पण वाचल्याशिवाय टिपलेली दोन हजार पाने नंतर कोणी वाचत नाही, हे मी माझ्या आणि मित्रांच्या अनुभवावरून सांगू शकतो. सकाळी वाचायचे, खुणा करायच्या आणि दुपारनंतर निवडक पाने टिपायची, ही विभागणी मला मानवली. प्रत्येक खंडाचे पहिले छायाचित्र क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचे घ्यावे आणि पत्राचा क्रमांक दिसेल अशी चौकट धरावी. त्या रात्रीच फायलींना नावे द्यावीत. पुण्यात परतल्यावर ‘हे कोणत्या खंडातले?’ असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर आठ हजार मैलांवर असते.

या संग्रहाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. इथे मराठी माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या लेखणीतून बोलतो. शाळेत येणारी महार, मांग आणि कुणबी मुले, त्यांचे आईबाप, बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया हे सगळे पत्रांत आहेत, पण इंग्रजीत आणि लिहिणाऱ्याच्या हेतूनुसार आहेत. त्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर जुने ‘ज्ञानोदय’, मराठी ख्रिस्ती चरित्रे आणि नगर भागातील मंडळ्यांच्या नोंदवह्या यांच्याकडे यावे लागते. हॉटनमधील कागदांनी मला प्रश्न दिले. त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे नगर-पुण्यातच शोधायची आहेत. असे असूनही तारखा, रकमा, शाळांची संख्या, कोण कुठे बदलून गेले हे सगळे त्या पत्रांत ज्या बारकाईने येते, तसे मला आपल्याकडे एका जागी कुठे मिळाले नाही.

हॉटनच्या अल्पकालीन अभ्यासवृत्त्या दरवर्षी जाहीर होतात आणि बाहेरच्या देशांतील अभ्यासकही त्यांसाठी अर्ज करतात. विद्यार्थ्यांनी त्या जरूर पाहाव्यात, कारण अर्ज लिहिताना जी खंडनिहाय यादी करावी लागते तीच पुढे भेटीची आखणी ठरते. पत्रांतील लांब उतारे किंवा छायाचित्रे पुस्तकात छापायची असतील तर परवानगीचा प्रश्न ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील सूचनांनुसार वेळेत सोडवावा. माझ्याकडून तेवढे एक राहिले होते. निघण्याच्या आदल्या दुपारी मी विचारणा केली तेव्हा कर्मचाऱ्यांनी कोणाला लिहायचे, अर्जात कोणते क्रमांक द्यायचे हे कागदावर लिहून दिले आणि माझ्या यादीतील न पाहिलेले सहा खंड पुढच्या मागणीसाठी खात्यात तसेच नोंदवून ठेवता येतात, हेही दाखवले. ते सहा क्रमांक अजून माझ्या खात्यात आहेत, आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरसाठी मी पैसे साठवायला सुरुवात केली आहे.